वेगळी फाईल

साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात तो माझ्या शेजारी बसायचा. मी लिहिलेला कोड बघून म्हणायचा, "कावून एवढं लांबवतो बे? पायथनमधी दोन ओळीचं काम हाय." मग वजनकाट्याच्या रद्द पावतीमागं त्या दोन ओळी लिहून द्यायचा. कोडात कुणाचं नाव दिसलं की मात्र चिडायचा. "नावं येगळ्या फायलीत ठेवायची. माणसं बदलतात."

त्या दुष्काळात ऊस उभा वाळत होता. ज्याचा आधी तुटेल त्याचाच वाचणार होता. तोडीची यादी आमची स्क्रिप्ट लागवडीच्या तारखेवरून काढायची. एका संचालकाची चिठ्ठी आली, ही अकरा नावं वर घ्या. मला वाटलं, हा भांडेल. त्यानं नावांची वेगळी फाईल केली आणि स्क्रिप्टला दोन ओळी जोडल्या. काम नेहमीसारखंच नेटकं.

तो जेवायला गेल्यावर मी ती फाईल उघडली. नावं बारा होती. बारावं माझ्या वडिलांचं.

तो हात पुसत परत आला. "बघितली ना बे? काई चुकलंय का?"

"न्हाई," मी म्हणालो.