सुया वाटणारा कंपाउंडर

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. नव्वदच्या दशकात मी बंगळूरच्या उत्तरेकडच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना एक दुकानदार आला. "सार, माझ्या समोरच्या खोलीकडे स्वल्प लक्ष द्या. तिथला म्हातारा गर्दुल्ल्यांना सुया देतो."

दोन दिवस साध्या वेशातले शिपाई बसवले. खबर खरी निघाली. पंच घेऊन छापा घातला. खोलीत चटई, स्टोव्ह आणि पत्र्याचा एक डबा. डब्यात नव्या सिरिंजा, वापरलेल्या सुयांची बरणी आणि घडी घातलेला एक उर्दू कागद. अमली पदार्थ मात्र कणभरही नाही. माल दुसरीकडे असणार आणि कागद म्हणजे गिऱ्हाइकांची यादी, असं मी धरून चाललो.

म्हातारा निवृत्त कंपाउंडर होता, मुसलमान, एकटा राहणारा. चौकशीला मी स्वतः बसलो.

"माल कोण पुरवतं तुला?"

"माल नाही, साहेब. जुनी सुई घेतो, नवी देतो. एकाच सुईनं चौघं टोचून घेतात. त्यातून एड्स होतो."

"कुणाच्या सांगण्यावरून करतोस?"

यावर तो गप्प झाला. दुपारपर्यंत तोंड उघडलं नाही. खोटं बोलणारा माणूस बोलत राहतो. गप्प राहणारा बहुधा कुणाला तरी वाचवत असतो. एवढं मला कळत होतं, फक्त कुणाला, ते चुकलं.

उर्दू जाणणारे हवालदार दुपारी कोर्टातून परतले. त्यांनी कागद उभ्याउभ्याच वाचला. "सर, ही यादी नाही. फतवा आहे, सुया बदलून देण्याबद्दल."

खाली सही करणारे मौलवी जवळच्याच एका छोट्या मशिदीत होते. मी एकटाच गेलो. वयस्कर गृहस्थ. त्यांनी मला बसायला चटई दिली.

"नशा हरामच आहे," ते म्हणाले. "पण तो माणूस आज नशा सोडणार नाही. घाणेरड्या सुईनं आजार घेईल, घरी बायकोला देईल. दोन नुकसानं टळत नसतील तर लहान ते पत्करावं, असा आमच्या धर्मकायद्यात नियम आहे. जीव राखणं हा शरियतचा हेतू आहे."

"मग या कागदात काय आहे, ते त्यानं मला का सांगितलं नाही?"

"मीच बजावलं होतं. माझेच लोक म्हणतील, मौलवी नशेला मुभा देतो."

ठाण्यात परतल्यावर मी म्हाताऱ्याला अहो-जाहो करू लागलो. "मौलवींना भेटून आलो. त्यांचं नाव बाहेर जाणार नाही. पण तुम्ही हे का करता?"

"मुलगा असल्याच सुईनं, एड्सनं गेला, साहेब. मय्यतीला आंघोळ घालायला कुणी हात लावेना. मी एकट्यानं घातली. त्याला कुशीवर वळवताना मला जमेना. तेव्हा तरी कुणी हवं होतं."

माझी पत्नी आदल्याच वर्षी गेली होती. क्वार्टरमध्ये मीही एकटाच होतो. ते त्याला सांगावंसं वाटलं, पण टेबलाच्या त्या बाजूला तो होता आणि या बाजूला मी.

गुन्हा बनत नव्हता. स्टेशन डायरीत नोंद करून, डबा आणि कागद परत देऊन संध्याकाळी त्याला सोडलं आणि खोलीपर्यंत बरोबर गेलो. पण दारात पोलिसांची जीप उभी राहिलेली अख्ख्या गल्लीनं पाहिली होती. घरमालकानं त्याची चटई, स्टोव्ह पायरीवर आणून ठेवले होते. मी मालकाशी बोलायला निघालो, तर म्हाताऱ्यानं अडवलं.

"नको साहेब. पोलिसांच्या शब्दावर ठेवलेला भाडेकरू किती दिवस टिकणार?"

डबा काखेत घेऊन तो बसथांब्याकडे गेला. पुन्हा कधी दिसला नाही.

आठवड्यानं साध्या कपड्यांत मी तिकडून जात होतो. बंद दारासमोर तिघं बसले होते. एकाच्या हातात बदलायला आणलेली वापरलेली सुई होती. एकानं मला विचारलं, "चाचा कधी येणार?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

ते आणखी थोडा वेळ थांबले आणि मग मैदानाकडे निघून गेले.

कायद्यानं मी काही चुकलो नव्हतो. गल्लीतला अड्डा उठवला म्हणून वरिष्ठांनी शाबासकीही दिली. पण पुढच्या सगळ्या नोकरीत कुठल्याही दाराला कुलूप लावण्याआधी मी एक गोष्ट पाहत आलो: इथं रोज येणारी माणसं उद्यापासून कुठं जातील. त्या तिघांच्या बाबतीत ते मी पाहिलं नव्हतं. आणि त्यांच्यात सुई एकच होती.