गळू द्यायचा थेंब

प्लंबरमामांना सगळी वस्ती कोरडेमामा म्हणायची. हे त्यांचं आडनाव नव्हतं. त्यांचा हात लागला की त्या घरात थेंब गळत नसे, म्हणून पडलेलं नाव. सांधा आवळून झाला की मामा त्याखाली कागदाचा कपटा ठेवत, पाणी सोडत आणि चहा मागत. चहा संपेपर्यंत कपटा कोरडा राहिला तरच हत्यारं पिशवीत जात.

धंदा ते बघून बघून शिकले होते. सर्टिफिकेटचं कुणी विचारलं तर म्हणत, "पाण्याला कुठं वाचता येतं?" पण नव्या इमारतींचे रखवालदार फाटकावरच सर्टिफिकेटचं कार्ड मागू लागले आणि मामा घरी बसले. बायको वैतागली. "अहो, जा त्या प्लंबिंगच्या वर्गाला. चांगले चालणारे माझे नळ उघडून उघडून आजारी पाडाल!"

मामा गेले. मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. शिकवणारी बाई स्वतः प्लंबर, मामांच्या मुलीच्या वयाची. तिने भिंतीवरचा गीझर चालू केला. पाणी तापलं तसे खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडू लागले.

"काय कराल?" तिने विचारलं.

मामांना राहवलं नाही. "करायचंय काय त्यात? बूच मारायचं. कितीजणांना मारून दिलंय मी. पुन्हा कुणाची तक्रार नाही."

वर्ग हसला. बाई हसली नाही.

"मामा, पाणी तापलं की फुगतं. त्याला बाहेर पडायला ही एवढीच वाट. ती बुजवली आणि वीज तोडणारा थर्मोस्टॅट बिघडला, तर टाकी फुटते. भिंत घेऊन फुटते. ही गळती नाही. हा थेंब गळू द्यायचाच असतो."

मामांच्या डोळ्यांसमोर आली ती आक्का, थोरली बहीण. फरशी ओली होते म्हणून ती कुरकुरत होती आणि तिच्या गीझरचं बूच त्यांनी स्वतः, मोठ्या मायेनं, घट्ट आवळून दिलं होतं. त्यात आक्काची आंघोळ दुपारची, आणि आता दुपारच होती.

त्यांनी बाहेर येऊन फोन लावला. "आक्का, गीझर बंद कर."

"आत्ता तर लावलाय!"

"बंद कर आणि जिन्यात येऊन बस."

"जिन्यात बसायला मी काय कबूतर आहे?"

"आक्का, पाया पडतो तुझ्या."

हा भाऊ कुणाच्या पाया पडणाऱ्यातला नव्हता. आक्का मुकाट्यानं उठली.

बूच काढणं मामांच्या डाव्या हातचा मळ होता. तरी त्यांनी बाईंना गळ घातली, "तुम्ही चला. माझं चुकलेलं मला दिसलं नाही, तर दुरुस्त झालेलं तरी कसं दिसेल?"

दोघं पोचली तेव्हा आक्का टॉवेल मांडीवर घेऊन पायरीवर फणफणत बसली होती. बाईंनी मेन स्विच बंद केला, टाकी निवू दिली, मग बूच काढलं. आतला व्हॉल्व्ह क्षारांनी पार जाम झाला होता. बाईंनी नवा बसवला, त्याला नळी जोडून तिचं उघडं तोंड मोरीकडे वळवलं. मामा टॉर्च धरून उभे होते. दुसऱ्या प्लंबरसाठी टॉर्च धरायची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांचे डोळे मात्र बाईंच्या हातावरून हलले नाहीत.

"म्हणजे इतके दिवस तू माझ्या डोक्यावर बॉम्ब टांगून ठेवला होतास?" आक्का म्हणाली.

"हो."

तिला भांडायचं होतं. पण एका शब्दात कबूल करणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

"आणि मी बिल्डिंगभर तुझे गोडवे गात फिरले! माझं ऐकून खालच्या शिवणवालीनंही मारून घेतलंय ना तुझ्याकडून बूच?"

मामांनी पिशवी उचलली.

"अरे, थांब! लोकांना काय तोंड दाखवशील? हळूच निरोप धाडू कुणाबरोबर तरी."

"निरोपानं गीझर बंद होतो का, आक्का?" मामा जिना उतरू लागले. बाई मागोमाग निघाल्या.

शिवणवालीनं दार उघडलं. गळ्यात टेप, तोंडात टाचणी. मामांना बघून ती टाचणी काढून हसली. "या, मामा! पण आमच्याकडे काहीच गळत नाहीये."

"माझंच चुकलंय," मामा म्हणाले. "गीझर चालू असेल तर आधी बंद करा. मग सांगतो."