सहा वाफ्यांची पंगत

मुदखेडची तनुजा गवताची डॉक्टर. पीएचडी झाली तरी पोरगी अजून माळावर बसून गवताच्या काड्या का मोजते, हे पाहुण्यांना समजावता समजावता तिच्या आईच्या नाकी नऊ यायचे. पाऊस घटत गेला तर माळाचं गवत तग धरेल का, एवढाच तनुजाचा प्रश्न. त्यासाठी औशाजवळ हणमंतरावांच्या माळावर तिनं सहा वाफे आखले होते. तीन वाफ्यांवर पारदर्शक छपरं, पावसाचा थेंब आत येऊ नये म्हणून, तीन उघडे. दोन वर्षं तिनं ते जिवापाड जपले. एखादी शेळी नुसती तिकडे वळली तरी हिचा आवाज वेशीपर्यंत जायचा.

वेळ अमावस्येला ती हणमंतरावांकडे जेवायला आली आणि जागीच थिजली. या सणाला शेतात ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, करून आत पाच दगडांचे पांडव पुजतात. पण यंदा गावभर सोयाबीन, ज्वारीच नाही, तर कडबा कुठला? हणमंतरावांनी डोकं लढवलं आणि तनुजाच्या छपराखालीच पांडव मांडले. वर त्यांच्या बायकोनं, केवळाबाईंनी, रीतीप्रमाणे ताक-ज्वारीची आंबीलही शिंपडली होती. नेमकी कोरड्या वाफ्यावर!

"मावशी, अहो हे काय केलंत?"

"आगं, दोन वरसं झाली, त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब न्हाई. सणासुदीला तरी?"

तनुजानं कपाळावर हात मारला. दोन वर्षांची मेहनत ताकात गेली. रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात तिला काही सुचलं.

"ह्या एकालाच दिलं का?"

केवळाबाईंना ते लागलं. "एकाला वाढायचं आन् दुसऱ्याला उपाशी ठिवायचं, आसं असतंय व्हय पंगतीत? समद्यांला तांब्या तांब्या दिलं. उघड्यांला बी."

तनुजाचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांना सारखंच मिळालं असेल तर फरक पुन्हा पावसाचाच उरतो. तिला केवळाबाईंची पापी घ्यावीशी वाटली.

"म्हणजे सहाही ना?"

"पाच. त्या कोपऱ्यातल्यापाशी गेले आन् आंबील सरली."

हणमंतराव स्वतःसाठी राखून ठेवलेला आंबिलीचा तांब्या तोंडाला लावणार, तोच तनुजानं तो हिसकावला आणि कोपऱ्याकडे धूम ठोकली.

मागून केवळाबाई ओरडल्या, "कडंला बी शिपड गं, नुसतं मधी नगं!"