भरतीतलं विसर्जन

मी काय काम करते हे सांगितलं की लोक आधी हसतात. मी खाडीतले प्लवक मोजते. प्लवक म्हणजे पाण्यातले अगदी बारीक जीव, पाणी नेईल तिकडे जाणारे. वेस्टरस्खेल्डे खाडीच्या काठावरच्या एका गावात आमची प्रयोगशाळा आहे. आम्ही राहतो त्या ब्रेडा शहरातून मी आगगाडीनं आणि पुढे सायकलनं तिथे जाते. बोटीवरची माणसं समुद्राकडच्या खाडीच्या तोंडापासून थेट बेल्जियमच्या हद्दीपर्यंत ठरलेल्या जागी पाणी भरून आणतात आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. सासूबाई म्हणायच्या, "एमएस्सी करून शेवटी किडेच निवडतेस होय? तांदळातले निवडले असतेस तर घराला उपयोग झाला असता." मला रागही यायचा आणि हसूही यायचं.

त्या आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. परतीच्या तिकिटाला थोडेच दिवस उरले असताना, जानेवारीत, झोपेतच गेल्या. इथला हिवाळा त्यांना कधी मानवलाच नाही. दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधार, हा कसला देश, म्हणायच्या. एका संध्याकाळी त्यांनी मुलाचा हात धरून सांगितलं होतं, "काही झालं तर मला इथे ठेवू नकोस रे." म्हाताऱ्या माणसांचं बोलणं म्हणून आम्ही ते कानाआड केलं.

इथे दहनानंतर अस्थी लगेच हातात देत नाहीत, महिनाभर थांबावं लागतं. तेराव्याच्या आत विसर्जन करायचं ते तिथेच राहिलं. त्यात आम्हा दोघांची निवासाची कार्डं नूतनीकरणाला गेलेली. देश सोडला तर परत येता येईल की नाही हे कोणी ठाम सांगेना. शेवटी पुण्याहून गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर तोड काढली. समुद्राला मिळणारी कुठलीही नदी चालेल, समुद्र सगळा एकच. नवऱ्यानं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. आई पाण्यावाटे घरी पोचेल, म्हणजे आपण तिला इथे ठेवलं असं होणार नाही. त्या दिवसांत तो जेवायचा, ऑफिसला जायचा, तो तेवढ्याच आधारावर.

मुहूर्त नणंदेनं काढून घेतला, सकाळचा. मी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून तिला फोन केला. "ताई, तेव्हा भरती आहे. पाणी समुद्राकडे जात नाही, उलट आत येतं. आपण दुपारी करू या."

"अगं, दुपारी राहुकाळ आहे. आणि यात तरी तुझी प्रयोगशाळा नको आणूस."

पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "असू दे. सगळं रीतसर होऊ दे, बस."

आम्ही माझ्या प्रयोगशाळेजवळच, खाडीच्या काठावर गेलो. बांधाच्या दगडी पायऱ्या शेवाळानं बुळबुळीत झाल्या होत्या. मी एका हातानं फोन धरला होता. वाऱ्यात गुरुजींचा आवाज तुटत होता. नवरा वाकला आणि त्यानं पिशवी मोकळी केली. राख क्षणभर पाण्यावर पसरली आणि बुडाली. वर सुपरमार्केटातून आणलेली शेवंती राहिली. समुद्र आमच्या उजवीकडे होता. फुलं डावीकडे निघाली.

"फुलं तिकडे का चाललीत?" त्यानं विचारलं.

"दुपारी वळतील," मी म्हटलं. ती वळेपर्यंत थांबायची त्याची तयारी होती, पण थोड्या वेळात ती दिसेनाशीच झाली.

इतक्या वर्षांत त्यानं माझ्या कामाबद्दल कधी धड विचारलं नव्हतं. आता मी पायातले बूट काढायच्या आत विचारायचा, आज कुठलं पाणी आलं, काय मिळालं. मीही सांगत गेले. हिवाळ्यात नदीला जोर असतो, पाणी लवकर बाहेर पडतं. उन्हाळ्यात नदी रोडावते आणि वरच्या अंगाचं पाणी तिथल्या तिथे मागेपुढे होत राहतं. एप्रिलमध्ये तोंडाजवळच्या बाटल्यांत शैवाल इतकं माजतं की पाणी घालून पातळ केल्याशिवाय मोजताच येत नाही. त्याच आठवड्यात हद्दीजवळच्या बाटलीत नुसता गाळ. ऊन दोन्हीकडे सारखंच, पण वर पाणी इतकं गढूळ की ते आत शिरत नाही. तिथे कोपेपॉड नावाचा एक इवलासा, कोळंबीच्या जातीचा जीव मात्र भरपूर सापडतो. ओहोटीला तो तळाशी जातो, भरतीला वर येतो आणि अशा रीतीनं आपली जागा धरून राहतो.

"म्हणजे तिथे गेलेलं तिथेच राहतं?"

"ते जिवंत असतात रे, म्हणून राहू शकतात."

"आणि जे जिवंत नसतं ते?"

मी भाजी चिरायला घेतली.

जूनमध्ये तो रजा टाकून प्रयोगशाळेतच आला. वरच्या, हद्दीजवळच्या जागेचं पाणी मी काचेखाली ठेवलं होतं. बराच वेळ बघत राहिला. "हे काय?" गाळ, मी म्हटलं. "आणि हे पांढरं?"

"शिंपल्याचा चुरा असेल."

"असेल?"

आमच्या धंद्यात बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर असा खाक्या असतो, आणि मला काहीच दाखवता येत नव्हतं. मला नणंदेचा, गुरुजींचा आणि त्या मेल्या राहुकाळाचा भयंकर संताप आला. सगळ्यांनी आपापलं पुण्य पदरात पाडून घेतलं, आणि माझा नवरा इथे काचेखाली आई शोधत बसला होता. मी त्याला घरी घेऊन आले.

वर्षश्राद्धापर्यंत कार्डं हातात आली. पुण्याची तिकिटं काढली, बॅगा भरायला घेतल्या. एका संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "वर्ष होत आलं. आता गेलं असेल ना?"

"पाणी गेलं," मी म्हटलं. "ते पाणी केव्हाच समुद्रात गेलं."

हे अगदी खरं होतं, मी शपथेवर सांगितलं असतं. पण राख पाण्याबरोबर जातेच असं नाही. ती गाळात बसते. आणि वर अँटवर्प बंदराला जाणाऱ्या जहाजांसाठी तो गाळ उपसतात, थोडा पुढे नेतात आणि याच खाडीत परत टाकतात. हे मी त्याला सांगितलं नाही, कधीच सांगितलं नव्हतं.

बारा वर्षं संसार केलाय त्यानं माझ्याशी. मी फक्त पाण्याबद्दल बोलले हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं लॅपटॉप उघडला आणि स्वतःचं तिकीट रद्द केलं.

"तू जाऊन ये," तो म्हणाला. "तिच्याजवळ कोणीतरी थांबायला हवं."