पट्टीचा आवाज

चाकणच्या एका कंपनीत मी तांब्याच्या पट्ट्या पोचवतो. तिथे माल तपासणारे एक काका होते. ते माझा टेस्ट रिपोर्ट बाजूला सारायचे.

"शुद्धता, कडकपणा, कागदावर सगळं चांगलंच असतं, राव."

मग एक पट्टी फरशीवर टाकायचे. भट्टीत नीट नरम झालेलं तांबं बद्द वाजतं. कडक राहिलेलं खणखणतं आणि वाकवताना तडकतं. पट्टी पडली की काका माझ्या तोंडाकडे बघायचे. एकदोनदा ती खणखणली, मी ओशाळलो आणि त्यांनी गाडी परत पाठवली.

एके दिवशी आगीच्या सरावाचा भोंगा वाजला. सगळे उठले, काका मात्र मान खाली घालून लिहीत राहिले. उमेदीची वर्षं प्रेसशॉपच्या दणदणाटात गेलेली. कान केव्हाच गेले होते. पट्टी ते माझ्या चेहऱ्यावरून ऐकत होते.

पुढच्या खेपेला पट्टी खणकन वाजली. मी चेहरा हलू दिला नाही. काकांनी सही केली.

त्या पट्ट्या वाकवताना तडकल्या. चौकशीत सही काकांची निघाली. ते पुन्हा दिसले नाहीत.

आता त्यांच्या टेबलावर कडकपणा मोजायचं मशीन आहे. ते माझ्याकडे बघत नाही. तरी पट्टी लावली की मी मान खाली घालतो.