उतारावरची गाडी

डॉक्टरांनी मनगटाचं प्लास्टर काढलं आणि आता वर्षभर स्कूटीला हात लावायचा नाही असं बजावलं. मी राहते मेहकरात, माझी शाळा जानेफळच्या पुढे एका खेड्यात. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात. एसटी आहे, पण तिला शाळेच्या घंटेशी काही देणंघेणं नाही. काळी-पिवळी जीपमध्ये मांडीवर डबा, डब्यावर वह्यांचा गठ्ठा आणि गठ्ठ्यावर कुणाचं तरी लेकरू, असं मी एक सत्र काढलं. मग ठरवलं की गाडी घ्यायची. नवी घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा लाखाच्या आत बसेल ती, जुनी.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आईला जाऊन सहा वर्षं झाली. माझं लग्न जमलं नाही आणि चाळिशीनंतर जमवणाऱ्यांनीही नाद सोडला. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षांत एकही अपघात नाही, त्याचा बिल्ला अजून कपाटात रुमालात बांधून ठेवलाय. पण निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नसे. नऊला उठायचे, दारात खुर्ची टाकून बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे गिअर चुकले की हळहळायचे. मी गाडीचं बोलले त्या दिवशी ते खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"गाडी मी पाह्यन," ते म्हणाले. "तू मधात बोलू नको."

त्यानंतर दोन महिने आम्ही जिल्हाभर जुन्या गाड्या पाहत फिरलो. रंग, सीटकव्हर, म्युझिक सिस्टीम याकडे बाबा ढुंकून पाहत नसत. ते आधी क्लचच्या पेडलचं रबर पाहायचे. रबर झिजलेलं आणि मीटर मात्र तीस हजारांचं, की हात झटकून परत फिरायचे. पायाखालचं मॅटिंग उचलून गंज पाहायचे. तेलाची काडी ओढून तेल बोटावर घेऊन चोळायचे आणि वासही घ्यायचे. देऊळघाटला एकानं गाडीला नवाकोरा रंग मारून ठेवला होता. बाबांनी दारावर टिचकी मारली आणि म्हणाले, "याच्यात पत्र्यापेक्षा लांबी जास्त हाय." गंजाचे खड्डे लांबी भरून बुजवले होते. गाडीवाल्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. मला फार अभिमान वाटला. कितीतरी वर्षांनी चारचौघांत कोणीतरी बाबांचं म्हणणं ऐकून घेत होतं.

शेवटी पिंपळगाव राजाला एक छोटी पांढरी गाडी मिळाली. बारा वर्षांची, पेट्रोलची, पासिंग आपल्याच जिल्ह्याचं. विकणारा औषधाच्या दुकानाचा मालक होता, बोलायला गोड. गाडी त्यानं घरासमोर न लावता पलीकडच्या उतारावर, तोंड खाली करून लावली होती आणि पुढच्या चाकाला गोटा लावला होता.

ते पाहून बाबा खूशच झाले. त्यांच्या काळात खेड्यात मुक्कामी जाणारे ड्रायव्हर एसटी अशीच उतारावर लावत. सकाळी सेल्फनं इंजिन उठलं नाही तरी कंडक्टरनं गोटा काढायचा, गाडी सुटली की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, इंजिन आपसूक चालू. "सेल्फ दगा देईन, उतार देत नाई," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्या घराच्या जागेचा सौदाही त्यांनी गल्ली उतरती आहे म्हणून केला होता, असं आई सांगायची.

"पाह्य," ते माझ्या कानाशी म्हणाले. "उतारावर लावली. चाकाले गोटा. हा मानूस गाडीची कदर करते."

त्या माणसानं गोटा काढला, गाडी उतारावरून सोडली आणि ती सुरू झाली. आम्ही गावाबाहेर चक्कर मारून आलो. बाबांनी पेडल पाहिलं, तेल पाहिलं, सायलेन्सरच्या धुरावर तळहात धरला. सगळं ठीक होतं. गाडी आम्ही घेतली आणि चालू इंजिनावरच घेऊन निघालो.

चिखलीला चहाला थांबलो. हॉटेलसमोर जागा एकदम सपाट. चहा झाल्यावर बाबांनी चावी फिरवली. काहीच झालं नाही. घरघर नाही की टक् नाही. त्यांनी पुन्हा फिरवली, मग तिसऱ्यांदा.

"ऊन किती हाय," ते म्हणाले. "तापली असन."

शेजारच्या टेबलावरचे चार जण उठले, त्यांनी धक्का मारला आणि आम्ही मेहकरपर्यंत इंजिन बंद न करता आलो.

शेजारच्या काकू गाडीच्या चाकाखाली ठेवायला लिंबं घेऊन आल्या. आम्ही बौद्ध, नारळ-लिंबू आमच्यात नाही. पण काकूंना नाही म्हणवत नव्हतं. बाबांनी लिंबं घेतली, सरबताला आत पाठवली आणि नळाजवळचा काळा गोटा आणून चाकापुढे ठेवला. "लिंबापरीस हा बरा," ते म्हणाले.

चार दिवसांनी मी एकटीच गाडी मेकॅनिककडे नेली. त्यानं बोनेट उघडून वाकून पाहिलं आणि हसला. "मॅडम, सेल्फ मोटर आतून जळेल हाय. आन् वायरबी कापून टेप लावून ठेवेल हाय. वर्ष तं झालं असन." म्हणजे तो गोडबोल्या गाडीची कदर म्हणून उतारावर लावत नव्हता. त्याला दुसरा इलाजच नव्हता. त्या गोट्याला दुसरा कोणीही फसला नसता. फसायला एसटीचा जुना ड्रायव्हरच लागला.

माझं डोकं असं तापलं की त्याच रात्री पिंपळगाव राजाला जाऊन त्याच्या दुकानासमोर तमाशा करावा असं वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्या वडिलांनी पाहूनच घेतली ना? तीस वर्षांचे ड्रायव्हर आहेत म्हणे."

मी फोन ठेवला. हे वाक्य बाबांच्या कानावर जायला नको, एवढंच मला त्या वेळी कळलं. दोन महिने त्यांची मान ताठ झालेली मी पाहिली होती. सगळं सांगितलं असतं तर ते परत दारातल्या खुर्चीत जाऊन बसले असते. मी काही सांगितलं नाही. उन्हानं तापते तर उतारावरूनच काढू, एवढंच म्हणाले. शिवाय तेव्हा लगेच सेल्फ टाकायला पैसेही नव्हते. टायर आणि विमा आधी होते.

मग आमचं रोजचं सुरू झालं. बाबा साडेसहाला दाढी करून तयार. मी गाडीत बसायची, हँडब्रेक ओढून धरायची. बाबा चार पायऱ्या उतरून येत, वाकून चाकापुढचा गोटा काढत आणि डिकीवर दोनदा थाप मारत. ही डबल बेल. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या डबल बेलवर गाडी काढली, आता स्वतः देत होते. मग गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीपर्यंत चालत जायचे, दोन्हीकडे बघायचे, एक हात वर करून रस्ता अडवायचे आणि दुसऱ्यानं मला खुणावायचे. मी ब्रेक सोडायची. गिरणीच्या जरा अलीकडे इंजिन धरायचं आणि मी हॉर्न न वाजवता रस्त्याला लागायची. हॉर्न वाजवणारा ड्रायव्हर कच्चा, असं त्यांचं मत. संध्याकाळी परत आल्यावर विचारायचे, "शाळेपाशी कुठी लावली?" मी म्हणायची, "उतारावर." ते मान हलवायचे.

गाडीचे इतर नखरे होतेच. मागचं डावं दार फक्त बाहेरून उघडायचं. एका काचेची मूठ डॅशबोर्डच्या खणात ठेवलेली असायची, लागली तर बसवायची. एसी होता, म्हणजे त्याचं बटण होतं. जुनी गाडी घेतली की आधीच्या मालकाच्या सवयीही सोबत येतात. तरी डब्यावर लेकरू घेऊन बसण्यापेक्षा मी राणीसारखी जात होते. शाळेतल्या दोन मॅडम माझ्यासोबत यायला लागल्या, त्या सपाटीवर धक्का मारण्यात पटाईत झाल्या.

दिवाळीच्या सुट्टीत हातात थोडे पैसे आले. मी मेकॅनिककडून सेल्फ बसवून घेतला. चावी फिरवली की लगेच सुरू. घरी येताना ठरवलं होतं की बाबांना सांगायचं, थंडी आली, आता होते सुरू. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येऊन बघते तर बाबा मफलर बांधून गोट्याजवळ उभे. त्यांना आता तुमचं काम नाही असं कसं सांगणार? मी गप्प बसले. शाळेपाशी चावीनं सुरू करायची, घरी उतारावरून. मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं. म्हाताऱ्या माणसाला जपावं तर असं.

संध्याकाळी ते गुडघ्याला तेल लावून बसायचे. पायऱ्या भिंतीला धरून, आडवे होऊन उतरायचे. मी ते पाहत होते. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून तेलाची बाटली मीच आणून दिली होती.

एप्रिलमध्ये पाण्याच्या नळासाठी आमची गल्ली खोदली. गाडी गिरणीसमोरच्या सपाट जागेत लावावी लागली. दुसऱ्याच दिवशी रविवार होता. भर दुपारी बाबांच्या पोटात एका बाजूनं कळ उठली. मुतखडा. त्यांना तो आधीही झाला होता, त्यामुळे मी घाबरले नाही, पण ते घामानं भिजले होते आणि सारखे कण्हत होते. त्यांना धरून खोदलेल्या मातीवरून गिरणीपर्यंत आणलं, पुढच्या सीटवर बसवलं.

"धक्का माराले कोनी बलाव," ते दात आवळून म्हणाले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली.

बाबांचं कण्हणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चावीकडे पाहिलं. दवाखाना येईपर्यंत ते दुखत असूनही कण्हले नाहीत.

इंजेक्शन आणि सलाईन लागल्यावर अर्ध्या तासानं चेहरा सैल पडला. मी स्टुलावर बसले होते.

"सेल्फ कधी बसोला?"

"दिवाळीत."

त्यांनी बोटं मोजली. "सहा महिने. मंग रोज उतारावरून काऊन काढत होती?"

"तुम्हाले बरं वाटते म्हनून," मी म्हणाले. घरी त्यांच्याशी बोलताना माझी शाळेतली भाषा गळून पडते. "तुमी फसले हे तुम्हाले समजू नये म्हनून."

"मले चिखलीलेच समजलं," बाबा म्हणाले. "चावी फिरोली आन् टक् बी वाजलं नाई. उन्हानं सेल्फ मरते काय कधी?"

तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस उन्हाचं कारण देतोय आणि त्याला ते खरंच वाटतंय असं मी धरलं होतं.

"मले वाटे तुले सेल्फचे पैसे जमून नाई राह्यले," ते छताकडे बघत म्हणाले. "चूक माही होती. डेपोत अशी गाडी घेऊन आलो असतो तं घरी बसोलं असतं. मंग म्हटलं, पैसे तं आपल्यापाशी नाई, गोटा तं काढू. गुडघे लय दुखत बाई. जाताना उतार असते. येताना चढ."

तो चढ चढताना मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. ते गिरणीपाशी हात खाली करायचे तोवर मी रस्त्याला लागलेली असायची. मी त्यांना मान देतेय असं समजत होते आणि ते शिक्षा भोगत होते. त्यातली सहा महिन्यांची शिक्षा तर मी फुकटची वाढवली होती. मला रडू आलं. नर्सला वाटलं मुतखड्याला घाबरून रडतेय. ती म्हणाली, पाणी भरपूर पाजा, पडून जाईल.

पडला तो, आठ दिवसांत. गल्लीही बुजवली. गाडी पुन्हा घरासमोर, तोंड खाली करून लावली, कारण तिला दुसरीकडे जागाच नाही. गोटा बाबांनी नळाजवळ नेऊन ठेवला. आता त्यावर बादली असते.

त्यानंतरच्या सोमवारी साडेसहा वाजून गेले तरी बाबा झोपलेले होते. मी त्यांचा चहा झाकून ठेवला, गाडीत बसले, चावी फिरवली आणि ब्रेक सोडला. गिरणीपाशी आले. कोपऱ्यावर कोणी नव्हतं, रस्त्यावरचं काही दिसत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिथे हॉर्न वाजवावा लागला.