गोंडपिपरीची बस आणि मासोळीची पिल्लं

आमच्या लग्नानंतरचा पहिला श्रावण आला आणि सुमनला माहेरी गोंडपिपरीला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. चांद्याकडचं जंगल बघायला कसं जावं, असं तुमच्यातले बरेच जण विचारतात. आज रस्ता गुळगुळीत आहे, चंद्रपूरहून तासा-दीडतासात पोचाल. आम्ही कसे पोचलो ते सांगतो.

नागपूरहून पॅसेंजरनं चांदा. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. सुमनच्या मावशीकडे मुक्काम केला आणि सकाळी स्टँडवर चहा पिऊन, आलूबोंडे खाऊन बसमध्ये चढलो. बस डिझेलची, जुनी, लांब नाकाची. खालच्या फळ्यांच्या फटींतून रस्ता पळताना दिसायचा. ड्रायव्हर रज्जाकभाई पन्नाशीचे, एकेका खड्ड्याला नावं ठेवत चालवणारे.

आमच्या पुढच्या बाकावर राधाबाई बसल्या होत्या. गोंडपिपरीजवळच्या एका गावच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. त्यांच्या पायाशी मातीच्या चार-पाच हंड्या, आणि त्यांत कलकत्त्याहून रेल्वेनं आलेली रोहूची पिल्लं. गावाच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, सोडायची होती. पिल्लांना श्वास घेता यावा म्हणून बाई सारखं हातानं पाणी हलवत होत्या.

“सगळ्या मोहल्ल्याचे पैसे हायेत यात,” त्या सुमनला म्हणाल्या. “मेली तं वर्षभर बोडी रिकामी राह्यते.”

बल्लारपूर गेलं, कोठारी मागे पडलं. दोन्ही बाजूंना ओला, हिरवागार साग. एवढ्यात गरम वास आला, बसच्या नाकावरून वाफ उठली आणि रज्जाकभाईंनी बस कडेला घेतली. खाली वाकून पाहिलं तर बसच्या पोटातून पाणी गळत होतं.

“बाई, हे तुमच्या हंड्याचंच पाणी हाय,” ते वैतागून म्हणाले. “पूरा इंजिनवर उडून राह्यलं. हंड्या उतरवा.”

“काऊन उतरवू भाऊ? इथी जंगलात पिल्लं घेऊन कुठी जाऊ?” राधाबाईंनी दोन्ही हातांनी हंडी धरली.

कंडक्टर एक हंडी उचलायला वाकलासुद्धा. बसमध्ये दोन तट पडले. मागचे लोक म्हणत, उतरवा, आम्हाला उशीर होतो; पुढचे म्हणत, राहू द्या. मी नवा जावई, खिडकीबाहेर बघू लागलो. लग्नानंतर माझ्याशी चार शब्दही न बोललेली सुमन मात्र उठली.

“रज्जाकभाऊ, जमीन ओली हाय. कोणतं पाणी कुठून पडते ते तुमाले तरी कसं समजते?” तिनं माहेरी न्यायच्या दोन नव्या थाळ्या पिशवीतून काढल्या. “एक नाकाखाली ठेवा, एक हंड्याच्या खाली, जमिनीवर. इंजिन चालू करा. मंग पाहू.”

रज्जाकभाई तिच्याकडे बघून हसले. “चल बेटी, तेही करू.”

आधी इंजिन निवू दिलं. मग पोतं धरून त्यांनी रेडिएटरचं झाकण हळूच उघडलं, नाल्याचं पाणी ओतलं, झाकण लावलं आणि इंजिन सुरू केलं. आम्ही सगळे चिखलात उकिडवे बसून थाळ्यांकडे बघत राहिलो. हंड्यांखालच्या थाळीत स्वच्छ पाणी पडलं, आणि त्यात फटीतून घसरलेलं, तिळाएवढ्या डोळ्यांचं एक पिल्लू वळवळत होतं. नाकाखालच्या थाळीत पाणी तांबूस, गंजाचं.

“हे तं माह्याच गाडीचं हाय,” रज्जाकभाई म्हणाले आणि बॉनेट उघडून आत शिरले. रेडिएटरच्या खालच्या रबरी नळीला पट्टीजवळ चीर गेली होती. इंजिन बंद असलं की ती मिटायची, गरम होऊन दाब वाढला की उघडायची. म्हणून सकाळी स्टँडवर काही दिसलं नव्हतं. टपावरचं सामान बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या होत्या. त्या नळीभोवती ताणून गुंडाळल्या, वरून तारेनं आवळल्या. दाब चढू नये म्हणून झाकण सैल ठेवलं.

ऊन तापलं होतं, हंड्या कोमट होऊ लागल्या होत्या. मघाशी ओरडणारे मागचे लोकच नाल्यावरून पाणी आणू लागले, अर्धं हंड्यांना, अर्धं रेडिएटरला. एक हंडी माझ्या आणि सुमनच्या वाट्याला आली.

“जोरानं नाही, असं,” तिनं माझं मनगट धरून दाखवलं. मग बस बैलगाडीच्या चालीनं निघाली आणि हंडी हलवता हलवता आम्ही बोलत राहिलो. तिला शाळेत गणित आवडायचं, पाण्याची भीती वाटायची, सासरी जेवताना लाज वाटून ती अर्धपोटी उठायची. हे मला त्या दिवशी कळलं.

ऊन कलताना आम्ही राधाबाईंच्या गावाशी पोचलो. रज्जाकभाईंनी फाट्यावर न थांबता बस थेट बोडीच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, नेली. हंड्या पाण्यात हळूहळू कलत्या केल्या. काही पिल्लं पांढरी होऊन तरंगली. बाकीची, कितीतरी, सळसळत खोल गेली. राधाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

पावसाळ्यात तिकडे जाणार असाल तर पिण्याचं पाणी आणि सुके कपडे जवळ ठेवा. कोठारीनंतर खिडकीची जागा मिळवा.

पोळा झाल्यावर मी सुमनला घेऊन नागपूरला परतलो. पहिल्या रात्री जेवायला बसलो, तेव्हा मी आईला म्हटलं, “हिला अजून एक पोळी वाढ.” आईनं माझ्याकडे चमकून पाहिलं. सुमननं मान खाली घातली, पण पोळी घेतली, आणि नंतर आणखी एक मागून घेतली.